हमिंगबर्ड फोटोवरून ओळखताना या चुका टाळा (मी सगळ्या केल्यात)

कोस्टा रिकाहून आलो आणि फोटो लावायला बसलो तर एकाच पक्ष्याला मी तीन फोल्डरमध्ये टाकलेलं, तीन वेगळ्या नावांनी! फांदी तीच, मिनिटही तेच, पण एकात तो काळपट, दुसऱ्यात हिरवा आणि तिसऱ्यात गळ्यावर निखारा फुलल्यासारखा. तो होता फायरी-थ्रोटेड हमिंगबर्ड.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक, रंगावर भरवसा ठेवणं. हा चमकता रंग पिसांत रंगद्रव्य असतं म्हणून दिसत नाही, पिसांच्या आतल्या बारीक थरांवरून उजेड परततो म्हणून दिसतो, त्यामुळे मान जराशी वळली की रंग गायब. गळा काळा दिसला म्हणून काळा गळा लिहून मोकळं होऊ नका. त्यापेक्षा चोच सरळ की वाकडी, डोळ्यामागे पांढरा ठिपका आहे का, शेपूट कशी आहे ते बघा. फायरी-थ्रोटेडची शेपूट निळसर काळी आणि खालची चोच मुळाशी गुलाबी, तर लेसर व्हायोलेटइअर या दुसऱ्या हमिंगबर्डच्या शेपटीवर टोकाच्या अलीकडे गडद आडवा पट्टा. म्हणून शेपूट पसरलेली फ्रेम ब्लर असली तरी डिलीट करू नका.

दुसरं म्हणजे पराग. कपाळ पिवळं दिसलं की आपल्याला वाटतं काहीतरी दुर्मिळ सापडलं, मी तर ग्रुपवर टाकूनही मोकळा झालो होतो. झूम केल्यावर कळलं, पिवळेपणाला नीट कडाच नाही, पूड सांडल्यासारखं चोचीच्या मुळापर्यंत पसरलंय.

नर-मादीचं तर विचारूच नका. व्हाइट-नेक्ड जॅकोबिन या हमिंगबर्डमध्ये साधारण पाचातली एक प्रौढ मादी नरासारखीच निळी-पांढरी असते, पनामातलं हे संशोधन 2021 मध्ये आलं. फोटोखाली ठोकून "नर" लिहायची घाई कशाला?

आणि जागा लिहून ठेवा राव, उंचीसकट. व्होल्कॅनो हमिंगबर्ड उंच डोंगरावरचा, सिंटिलंट त्याच्या खालच्या पट्ट्यातला, माद्या तर भलत्याच सारख्या. त्यात व्होल्कॅनोच्या नराचा गळा डोंगरागणिक वेगळा, पोआसकडे गुलाबी-लाल, इराझूकडे जांभळा, तालामांकात राखाडी-जांभळा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या फोटोतलं लोकेशन उडालेलं असतं, तेव्हा ओरिजिनल फाइलच मागा. पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपमध्येही जागा आणि तारीख बरोबर टाका, नाहीतर ते भलत्याच देशातला पक्षी सुचवतं.

हां, आणि फोटो पुण्यातल्या बाल्कनीतला असेल तर एवढी डोकेफोडच नको. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतात. आपल्याकडे जास्वंदीवर लटकलेला दिसतो तो शिंजीर, आणि संध्याकाळी फुलापुढे भिरभिरणाऱ्याच्या डोक्यावर दोन मिशा असतील तर तो पक्षीच नाही, पतंग आहे.