‘शिवाय’ इंग्रजीत नेताना

मी मराठीतून इंग्रजीत झालेली भाषांतरं तपासते. एका करारात ओळ होती: ‘दुरुस्तीशिवाय इतर सर्व खर्च मालकाने करायचा.’ म्हणजे दुरुस्ती भाडेकरूकडे. इंग्रजीत आलं, ‘बिसाइड्स रिपेअर्स, द ओनर विल पे ऑल अदर कॉस्ट्स.’ झालं, दुरुस्तीही मालकाच्या गळ्यात!

आपला ‘शिवाय’ दोन्हीकडून बोलतो. ‘रवीशिवाय सगळे आले’ यात रवी बाहेर आहे, ‘रवीशिवाय आणखी दोघं आले’ यात तो आत. म्हणून इंग्रजी शब्द शोधण्याआधी मराठी वाक्यातच अदलाबदल करून बघा. ‘वगळता’ चपखल बसलं तर एक्सेप्ट घ्या, ‘च्या जोडीला’ बसलं तर बिसाइड्स. वाक्य नकारार्थी असेल तर मात्र दोन्ही चालतात: ‘नोबडी बिसाइड्स रवी न्यू’ म्हणजेही रवी सोडून कुणालाच माहीत नव्हतं. अपार्ट फ्रॉम दोन्ही अर्थांनी वापरतात, त्यामुळे गप्पांत सोयीचं. करारात मी ते खोडते.

आता एक्सेप्ट की एक्सेप्ट फॉर? खरी गल्लत इथे होते. सगळे, प्रत्येक, कुणीही नाही असा शब्द आधी येऊन गेला असेल तर दोन्ही बरोबर: ‘एव्हरीवन केम एक्सेप्ट रवी’ किंवा ‘एक्सेप्ट फॉर रवी’. पण वाक्याची सुरुवातच रवीपासून करायची असेल तर फॉर हवाच: ‘एक्सेप्ट फॉर रवी, एव्हरीवन केम.’ असा ‘सगळे’छाप शब्द नसेल आणि चांगल्या गोष्टीत एखादी उणीव दाखवायची असेल, तरीही फॉर लागतो: ‘द रिपोर्ट इज गुड एक्सेप्ट फॉर द लास्ट पेज.’ ‘अहवाल चांगला आहे, फक्त शेवटचं पान सोडलं तर’ असं आपण म्हणतो ना, तेच.

उलट पुढे इन, ऑन, व्हेन, दॅट असं काही आलं की फॉर गळतो. ‘ओपन एव्हरी डे एक्सेप्ट ऑन संडेज.’ इथे फॉर घुसवलेला दिसला की माझी लाल पेन्सिल आपोआप चालते.

क्रियापदाचंही बघा. ‘ही डिड नथिंग एक्सेप्ट कम्प्लेन’, इथे क्रियापद मूळ रूपात. बिसाइड्सनंतर मात्र ‘-इंग’ लागतं: ‘बिसाइड्स टीचिंग, शी राइट्स.’ आणि एक्सेप्टनंतर ‘मी’साठी ‘आय’ नको, कर्माचं रूप लिहा: ‘एव्हरीवन एक्सेप्ट मी’. शेवटचा ‘स’ गळून बिसाइड झालं तर अर्थ ‘शेजारी’. स्पेलचेक ते पकडेलच असं नाही.

राहिला बट. ‘सोडून’ या अर्थाने तो ऑल, एव्हरी, नो, नथिंग अशा शब्दांच्या मागेच शोभतो: ‘नो वन बट रवी’. मोकळा सोडला की वाचणारा त्याला ‘पण’ समजतो. एक जोडी मात्र पाठच करून टाका. ‘नथिंग बट ट्रबल’ म्हणजे निव्वळ त्रास. ‘ही इज एनिथिंग बट लेझी’ म्हणजे तो आणखी काही असेल, आळशी मुळीच नाही. ‘आळशीपणा सोडून त्याच्यात काही नाही’ असं याचं भाषांतर माझ्या टेबलावर आलेलं आहे, आणि तेही एका शिफारसपत्रात.