दोन क्रेडिटचा ऑनलाइन कोर्स: आधी वही, मग कॅमेरा

ऑनलाइन कोर्स शिकवायचा म्हटलं की हात आधी मोबाइलकडे जातो. रेकॉर्डिंग उरकून टाकू, बाकीचं नंतर बघू! मीही तेच केलं होतं. वर्गात देते तसं पन्नास मिनिटांचं लेक्चर कॅमेऱ्यासमोर दिलं आणि आठवड्यानं पोर्टलवरचा आलेख उघडला, तर सातव्या मिनिटालाच बहुतेक मंडळी निघून गेलेली. पुढची त्रेचाळीस मिनिटं मी आणि डोक्यावरचा पंखा.

तेव्हापासून सुरुवात वहीपासून करते.

तासांचा हिशोब मांडा

राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे ४० क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे १२०० तास धरले आहेत. म्हणजे एका क्रेडिटला ३० तास, दोन क्रेडिटच्या कोर्सला ६०. बारा आठवड्यांत वाटले की आठवड्याला पाच तास येतात. व्हिडिओ, वाचन, गृहपाठ, परीक्षेची तयारी सगळं त्यातच बसवायचं. माझी वाटणी अशी असते: व्हिडिओ पाऊण तास, वाचन एक तास, थेट तासिका एक तास, चाचणी पंधरा मिनिटं आणि उरलेले दोन तास मुलांनी स्वतः काहीतरी करायचं. हे दोन तास सगळ्यात महत्त्वाचे, आणि आपण नेमके तेच शेवटी ठरवतो.

शेवटचा प्रश्न आधी लिहा

माझा कोर्स महाराष्ट्रातल्या पावसावर आहे. अभ्यासक्रमात ‘विद्यार्थ्यांना पर्जन्यछायेची (डोंगरापलीकडच्या कमी पावसाच्या पट्ट्याची) संकल्पना समजेल’ असं वाक्य होतं. समजली की नाही हे तपासायचं कसं? म्हणून ते असं बदललं: ‘विद्यार्थी आपल्या तालुक्याच्या पावसाचे आकडे घेऊन आलेख काढेल आणि तालुका घाटाच्या कुठल्या बाजूला आहे ते त्यावरून सांगेल.’ आता उलटं चालत यायचं. आलेख काढायला काय यायला हवं? आकडे कुठून आणायचे? घाट म्हणजे काय हे माहीत नसलेला कॉमर्सचा मुलगा कुठे अडेल? या प्रश्नांच्या उत्तरांतूनच आठवडे ठरतात. प्रकरणांच्या क्रमानं जायलाच हवं असं काही नाही.

एक आठवडा असा बांधा

चौथा आठवडा दाखवते. सोमवारी फक्त प्रश्न टाकते, व्हिडिओ नाही: ‘महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून तीसेक किलोमीटरवरच्या वाईला सुमारे ७००. का? दोन ओळींत अंदाज लिहा. चुकला तरी गुण कापले जाणार नाहीत.’ निम्म्यांचं उत्तर ठरलेलं: महाबळेश्वर उंचावर आहे म्हणून. मंगळवारी पुढचा प्रश्न: पाचगणीही जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे, मग तिथे निम्म्याहूनही कमी पाऊस का? इथे चुळबूळ सुरू होते. व्हिडिओ बुधवारी येतो, तोवर उत्तराची ओढ लागलेली असते.

एकेक व्हिडिओ सहा मिनिटांचा. हा आकडा माझ्या मनचा नाही. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या लाखो व्हिडिओ-सत्रांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा मिनिटांपेक्षा छोटे व्हिडिओ सर्वाधिक टिकून पाहिले गेल्याचं दिसलं. मी कोऱ्या कागदावर मार्करनं कोकण, घाट आणि देश असा आडवा छेद काढते, मोबाइल वरून हात टिपत असतो. समुद्रावरून आलेला दमट वारा घाट चढताना थंड होतो, पाणी टाकतो. पलीकडे उतरताना तापतो, कोरडा होतो. बाण काढता काढता बोलायचं, एवढंच. छापील स्लाइड वाचून दाखवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

चित्र थोडं हललं तरी चालतं, आवाज घुमला की मुलं बंद करतात. साधा कॉलर माइक घ्या, पंखा बंद करा, कपड्यांच्या कपाटाजवळ बसा. कुकर लावून रेकॉर्डिंगला बसू नये, हे शहाणपण मला तिसऱ्या शिट्टीनंतर आलं.

प्रत्येक व्हिडिओसोबत ऑडिओ फाइल आणि दोन पानांची टिपणं द्याच. ६४ केबीपीएसवर (ऑडिओ फाइल लहान ठेवणारी सेटिंग) दहा मिनिटांचा आवाज पाच एमबीच्या आत बसतो. एका फोनवर दोन भावंडं शिकत असतील, तर हा फरक मोठा असतो.

चाचणी आठवणीसाठी, गृहपाठ ज्याचा त्यानं

दर आठवड्याला पाच प्रश्नांची चाचणी ठेवा, कितीही वेळा देऊ द्या. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं.

मोठ्या गृहपाठाचं दुखणं वेगळं. ‘पर्जन्यछाया म्हणजे काय’ विचारलं तर साठ मुलांकडून एकच उत्तर येतं, तेही एआयच्या गुळगुळीत भाषेत. राज्यात ३५८ तालुके आहेत. प्रत्येकाला वेगळा द्या. कृषी विभागाच्या महारेन पोर्टलवरून आकडे घ्यायला सांगा आणि आलेखाखाली लिहायला लावा: ‘घरातल्या मोठ्या माणसाला हा आलेख दाखवला, ते काय म्हणाले?’ हे उत्तर कुठूनही उतरवता येत नाही (रचता येतं, पण त्यालाही डोकं लागतं).

थेट तासिकेत लेक्चर नको

‘आवाज येतोय का?’ यातच पाच मिनिटं जातात, ती धरून चला. उरलेल्या वेळात आठवड्यात आलेली दोन-तीन चुकीची उत्तरं नावं झाकून पडद्यावर घ्या आणि कुठे बिनसलं ते मुलांनाच शोधू द्या. कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती करू नका. मागे कुणाचं स्वयंपाकघर असतं, कुणाचं दुकान.

आणि उत्तराचा वार ठरवा. मी शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या शंकांना उत्तर देते, एरवी नाही. रात्री साडेअकराला ‘मॅडम, लिंक ओपन होत नाहीये’ आलं तरी शुक्रवारपर्यंत थांबवते. पहिल्या दोन आठवड्यांत ज्यानं काहीच पाठवलं नाही, त्याला मात्र स्वतःहून फोन करते. बऱ्याचदा पासवर्डच लागत नसतो, आणि विचारायला संकोच वाटत असतो.

पुढे कोर्स ‘स्वयम्’वर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर, न्यायचा असेल, तर तिथली चौकट आधीच बघून ठेवा: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा असे चार भाग लागतात. वर सांगितल्याप्रमाणे आठवडे बांधले असतील तर चारही तयारच असतात.

दर शुक्रवारी आणखी एक काम: कुठे गाडी अडली, ते वहीत लिहून ठेवा. एका वर्षी माण तालुक्याचा आलेख पाठवताना एका मुलीनं लिहिलं, ‘मॅडम, माझा आलेख चुकलाय बहुतेक. सगळ्यांचा जुलैत वर जातो, माझा सप्टेंबरात.’ आकडे तिनं बरोबर उतरवले होते. त्या दुष्काळी पट्ट्यात परतीचा पाऊसच मोठा. पुढच्या वर्षी पाचव्या आठवड्याचा सोमवारचा प्रश्न म्हणून तिचा आलेखच टाकला, खाली एकच ओळ: ‘हा चुकलाय का?’