डॉसच्या संगणकातून वाय-फाय प्रिंटरवर छपाई

जुन्या डॉस (विंडोजच्या आधीची कार्यप्रणाली) संगणकातला मजकूर घरच्या वाय-फाय प्रिंटरवर छापायचा होता. मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवला. जोडणी यूएसबी-सिरियल अडॅप्टरनेच करा; पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, आरएस-२३२ (डॉस संगणकाच्या सिरियल पोर्टची जास्त व्होल्टची जोडणी) थेट जोडलं तर जळतील.

डॉसवर आधी ‘मोड कॉम१:९६००,एन,८,१,पी’ आणि मग ‘मोड एलपीटी१:=कॉम१’ दिलं, की छपाई सिरियल पोर्टकडे वळते. तरी एक अक्षर पुढे सरकेना! गोम केबलमध्ये निघाली. अक्षर पाठवण्याआधी बायोस (संगणकातलं मूळ सॉफ्टवेअर) डीएसआर आणि सीटीएस हे ‘समोरचा तयार आहे’ असं सांगणारे दोन्ही सिग्नल तपासतं, आणि केबल होती तीनच तारांची. या सिग्नलांच्याही तारा असलेली, पूर्ण हँडशेकची नल-मोडेम केबल (दोन संगणक थेट जोडणारी) लावली, पायवर पोर्ट उघडा ठेवला आणि मजकूर धडाधड येऊ लागला. फार आनंद झाला.

पुढचं सोपं. फॉर्म-फीड (पान संपल्याची खूण) आला की पायवरची स्क्रिप्ट पान तोडते, आयकॉन्व्ह या प्रोग्रामने कोड पेज ४३७ (डॉसची अक्षरसंकेत पद्धत) चं आजचं यूटीएफ-८ करते (तक्त्यांच्या चौकटी त्यामुळेच शाबूत राहतात) आणि कप्स या छपाईच्या सॉफ्टवेअरकडे सोपवते. प्रोग्राममध्ये प्रिंटर साध्या मजकुराचा निवडा, नाहीतर डॉट-मॅट्रिक्सचे एस्केप कोड (त्या जुन्या प्रिंटरला दिलेल्या आज्ञा) कागदावर कचरा होऊन उमटतात. पोर्टच्या हार्डवेअरवर थेट लिहिणारे प्रोग्राम मात्र या वाटेने छापत नाहीत.