नखाएवढं टॅरँटुलाचं पिल्लू कसं वाढवायचं

टॅरँटुला म्हटलं की डोळ्यासमोर तळहाताएवढा केसाळ कोळी येतो, पण बरेच जण सुरुवात करतात ती करंगळीच्या नखावर मावेल एवढ्या पिल्लापासून. इकडे अमेरिकेत त्याला सगळे स्लिंग म्हणतात. मी ओहायोत राहते, कर्ली हेअर जातीची तीन पिल्लं वाढवलीत, म्हणून जे लिहितेय ते मुख्यतः या जातीबद्दलच. मूळ मध्य अमेरिकेतली, होंडुरास-निकाराग्वा-कोस्टारिका भागातली, शांत, खायला हावरी आणि नवख्या माणसाच्या बारीकसारीक चुका पोटात घालणारी. मादी निघाली तर २० वर्षांच्या वर जगते, नर मात्र वयात आला की फार दिवस राहत नाही, आणि पिल्लू एवढं लहान असताना नर की मादी हे कळत नाही, तेव्हा हे मनात धरूनच आणा.

आधी पाण्याचं सांगते. मोठा टॅरँटुला बऱ्यापैकी कोरड्यात राहू शकतो, पिल्लू नाही राहत. त्याचं कवच पातळ, अंगातलं पाणी भराभर उडून जातं. माझं पहिलं पिल्लू मी यातच घालवलं. कुठेतरी वाचलं होतं की टॅरँटुलाला कोरडं ठेवा, ओल झाली की बुरशी येते, म्हणून मी डबीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अगदी खडखडीत ठेवलं, त्यात जानेवारी महिना, घरात हीटर दिवसरात्र चालू, हवा इतकी कोरडी की आपलेच ओठ फुटतात. बाराव्या दिवशी सकाळी बघितलं तर आठही पाय पोटाखाली मुडपून पडलेलं. कोळ्याचे पाय ताठ होतात ते अंगातल्या द्रवाच्या दाबाने, तो दाब गेला की पाय आत वळतात. ड्रॉपरने तोंडाशी पाणी दिलं, तासभर तिथंच बसून होते, पण उशीर झाला होता. आजही खूप वाईट वाटतं, कारण दोन थेंब पाण्याचं काम होतं ते.

तर डबी अशी करा. झाकणाची छोटी पारदर्शक डबी घ्या, औषधाच्या गोळ्यांची किंवा चटणी-सॉसची मिळते तसली, चार-पाच सेंमी रुंद बास. मोठा टँक अजिबात नको, त्यात पिल्लाला खाणं सापडत नाही आणि तुम्हाला पिल्लू सापडत नाही. बाजूला आणि झाकणाला गरम सुईने भोकं पाडा, पण भोक पिल्लाच्या डोक्याकडच्या कडक भागापेक्षा बारीकच हवं, तो भाग जिथून जाईल तिथून अख्खं पिल्लू जातं. आत अर्ध्याहून जास्त कोकोपीट भरा, झाडांसाठी आणतो तेच, पण खत न मिसळलेलं. मुठीत दाबलं की गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये एवढं ओलं, आणि बोटाने दाबून बसवा म्हणजे बीळ खणता येतं. एका कडेला झाडाच्या सालीचा तुकडा तिरका रोवा आणि त्याच्याखाली पेन्सिलच्या टोकाने बिळाची सुरुवात करून द्या, कर्ली हेअर पुढचं स्वतः खणते. मग दर चार-पाच दिवसांनी एका कडेने सिरिंजने थोडं पाणी सोडायचं, एक बाजू ओली आणि एक सुकी राहिली की पिल्लू आपल्याला हवी ती जागा निवडतं. फवारा थेट अंगावर मारू नका. स्पंज ठेवायची तर काहीच गरज नाही, तो कुजतो.

हीट लॅम्प, हीट मॅट पण नको. २१ ते २७ अंश सेल्सियसमध्ये पिल्लू मजेत असतं, तुम्हाला टीशर्टवर बरं वाटतंय ना, मग त्यालाही वाटतंय. उन्हात मात्र डबी कधीच ठेवू नका.

पार्सलने आलं असेल तर ते ओल्या टिश्यूत गुंडाळून नळीत घातलेलं असतं. नळी एका मोठ्या प्लास्टिकच्या टबमध्ये धरून उघडा, टिश्यू चिमट्याने सावकाश ओढा आणि प्रत्येक घडी उलगडून बघा. माझं दुसरं पिल्लू शेवटच्या घडीत निघालं, मला वाटलं टिश्यूला कॉफीचा डाग पडलाय, तेवढ्यात तो डाग चालायला लागला.

आता खाणं. न उडणाऱ्या फळमाश्या, अगदी बारीक रातकिडे, किंवा मीलवर्मचा, म्हणजे पाळीव प्राण्यांना खाऊ म्हणून विकतात त्या अळीचा, कापलेला तुकडा. मला तुकडा सगळ्यात सोयीचा वाटतो, बिळाच्या तोंडाशी रात्री ठेवायचा, सकाळी बहुतेक आत ओढून नेलेला असतो. भक्ष्य पिल्लाच्या पोटापेक्षा मोठं नको. आठवड्यातून दोनदा पुरे, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी काढायचंच, बुरशी आणि माइट्स (अगदी बारीक किडे) तिथूनच सुरू होतात. बागेतले, परसातले किडे पकडून घालू नका, त्यांच्यावर कीटकनाशक असू शकतं.

मग एक दिवस ते खायचं बंद होतं. पोट टम्म फुगून काळसर चमकायला लागतं, बिळाचं तोंड मातीने बंद करून आत बसतं, दोन-तीन आठवडे दिसतच नाही. नवीन माणूस इथे घाबरतो आणि उकरून बघतो. उकरू नका हो, कृपा करून! ते कात टाकायच्या तयारीत असतं. जिवंत किडा आत असेल तर तेवढा काढून घ्या, कारण कात टाकताना पिल्लू इतकं मऊ असतं की साधा रातकिडासुद्धा त्याला कुरतडू शकतो, ओल टिकवा आणि डबी शेल्फवर ठेवून द्या. कात टाकताना ते पाठीवर उताणं पडतं. मेलेलं पिल्लू पाय मुडपून बहुधा उभंच बसलेलं असतं, उताणं पडलेलं पिल्लू मेलेलं नाही, त्याला हात लावायचा नाही, सरळ करायचं नाही. एकदा रात्री अकरा वाजता मला डबीच्या कडेलगत हे बघायला मिळालं, वरचं कवच झाकणासारखं उघडलं आणि आतून एकेक पाय हातमोज्यातून बोट काढावं तसा सावकाश बाहेर आला, दुधी रंगाचा, जवळजवळ आरपार दिसणारा. नंतर दात पांढरे असतात, मग लालसर होतात, मग काळे, आणि काळे झाल्याशिवाय खायला द्यायचं नाही, साधारण आठवडा जातो. टाकलेली कात फेकू नका, पिल्लू मोठं झालं की कातीवरूनच भिंगाखाली नर की मादी ओळखता येतं.

हातावर घ्यायचं का? नाही. त्याला माणसाचा लळा लागत नाही, आणि थोड्या उंचीवरून पडलं तरी पोट फुटून मरू शकतं. शिवाय थोडं मोठं झालं की पोटावरचे खाजरे केस झाडतं, ते डोळ्यात गेले तर डॉक्टरकडे जायची वेळ येते, म्हणून डबी साफ केली की हात धुवा.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी, ही जात सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत येते, त्यामुळे देशाबाहेर नेता-आणताना परवाने लागतात, आणि भारतात घरी असे विदेशी प्राणी असतील तर २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. इकडून सुट्टीवर येताना बॅगेत घालून आणायचा विचारही करू नका. आणि सह्याद्रीत झाडाच्या ढोलीत राहणारा पोसिलोथेरिया हा टॅरँटुला दिसला तर फोटो काढा, घरी आणू नका, तोही २०१९ पासून सायटिसच्या यादीत आहे, चपळ आहे आणि चावला तर दिवसचे दिवस स्नायूंत पेटके येतात.

पायांसकट साडेतीन-चार सेंमी झालं की डबी बदला. दोन्ही डब्या टबमध्ये ठेवायच्या, मऊ रंगाचा ब्रश मागच्या पायांना हलकेच टेकवायचा, ते आपणहून पुढे सरकतं, आणि वर पालथा घालायला एक कप हाताशी ठेवायचा कारण पळालं तर डोळ्याला दिसत नाही इतकं जोरात पळतं. नवीन डब्यात आठवडाभर खायला नको, फक्त एका बाटलीच्या झाकणात पाणी. जाळ्याचे पहिले धागे दिसले की मग एक रातकिडा सोडा.