मक्याचा ट्रक उतरवण्याआधी

आमच्या पशुखाद्याच्या गिरणीत मक्याचा ट्रक आला की हमाल दोर सोडायला धावतात आणि मी ओरडतो, "थांबा, आधी पट्टी!" म्हणजे मक्यातलं बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, दाखवणारी चाचणीची पट्टी. ही सवय फटका खाऊन लागली. एकदा पोत्याच्या तोंडातून मूठभर मका काढून तपासला, साफ निघाला. पुढे आमचंच खाद्य घेणाऱ्या एका गोठ्याचं दूध अफ्लाटॉक्सिनमुळे परत आलं. खाद्यातल्या बी१ या अफ्लाटॉक्सिनचा काही भाग गाईच्या यकृतात एम१ या दुसऱ्या रूपात बदलून दुधात उतरतो.

चूक पट्टीची नव्हती, मुठीची होती. बुरशी पोत्याला सारखी लागत नाही. शेकडो दाणे स्वच्छ आणि एखाद्यात विष ठासून. म्हणून टोकदार नळी ट्रकच्या चारी बाजूंनी, वरच्या-खालच्या थरांत, जमेल तितक्या पोत्यांत खुपसायची. पाचेक किलो जमले की ताडपत्रीवर पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा तेच. उरलेला किलो-सव्वा किलो सगळाच्या सगळा बारीक दळायचा. अख्ख्या दाण्यांतून वीस ग्रॅम उचलले, तर पुन्हा मुठीचाच खेळ.

पुढचं सोपं. आमच्या किटमध्ये २० ग्रॅम पिठाला १०० मिली ७० टक्के मिथेनॉल लागतं (तुमच्या किटचा कागद वाचा, प्रमाण बदलतं). बाटली तीन मिनिटं जोरात हलवायची, गाळायचं, सोबतच्या द्रावणात पातळ करून पट्टीवर थेंब टाकायचे. हातमोजे घाला, जवळपास शेगडी नको. फ्रीजमधली पट्टी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

वाचताना नवा माणूस हमखास चुकतो. गरोदरपणाच्या चाचणीत दुसरी रेष उमटली की 'आहे', इथे उलटं. टी-रेष (चाचणीची) गायब म्हणजे विष मर्यादेच्या वर. सी-रेषच (पट्टी नीट चालल्याची खूण) नसेल तर पट्टी बाद. दिलेल्या वेळेतच वाचा, उशिरा दिसलेल्या रेषेला अर्थ नाही. पट्टी २० पीपीबीची (अब्जात २० भाग) घ्या. पशुखाद्याच्या भारतीय मानकात बी१ ची मर्यादा तीच, म्हणजे टनाला फक्त २० मिलिग्रॅम!

काहीजण निळ्या-जांभळ्या अतिनील (यूव्ही) दिव्याखाली मका धरतात. हिरवट-पिवळी चमक त्याच बुरशीच्या कोजिक आम्लापासून बनलेल्या पदार्थाची असते, विषाची नव्हे. संशय घ्यायला ठीक, माल परत पाठवायला नाही.

रेष पुसट वाटली तर त्याच पिठावर दुसरी पट्टी, तरी गोंधळ असेल तर राखून ठेवलेलं पीठ प्रयोगशाळेत. ट्रक तोवर दारात. ड्रायव्हर कुरकुरतो, मी चहा सांगतो.