केसांची गोळी घ्यायची, तर लपवून घेऊ नका

आमच्या पडवीत पानाच्या तबकात अडकित्ता असतो. गेल्या पावसाळ्यात धाकटा भाऊ त्यावर गोळी कातरताना सापडला. फिनास्टेराइड, ५ मिलिग्रॅमची. चार तुकडे करून रोज एक, स्वस्त पडते म्हणून. भुगा तबकभर सांडलेला, आणि तबक पुसायला आली भावजय, तिसरा महिना चालू असलेली! घरात कुणालाच काही माहीत नव्हतं. टक्कल पडतंय हे सांगायची लाज, दुसरं काय.

५ मिलिग्रॅमची गोळी वाढलेल्या प्रोस्टेटसाठी, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीसाठी असते. केसांसाठी १ मिलिग्रॅमची वेगळी मिळते, तीच लिहून घ्या. गोळी तोडू नका, कुटू नका. आवरण शाबूत असेल तर हात लागला म्हणून बिघडत नाही, पण गरोदर बाईच्या त्वचेतून भुगा आत गेला तर पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो.

मुळात आधी त्वचारोगतज्ज्ञांना डोकं दाखवा. पावसात ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीने केस गळतात. ते बहुतेकदा आपोआप थांबतं. थायरॉइड किंवा अंगात लोह कमी असणं, हीही कारणं असतात. तिथे या गोळीचा उपयोग नाही. ती पुरुषांच्या वंशपरंपरागत टकलासाठी आहे: डीएचटी नावाचं संप्रेरक कमी करते, म्हणून केसांची मुळं तग धरतात. यकृताचा त्रास, पूर्वीचं नैराश्य, चालू असलेली औषधं, सगळं डॉक्टरांना सांगा. मूल हवं असेल तर तेही.

सुरू करण्याआधी टाळूचा फोटो काढा. पडवीत, सकाळी दहाच्या उजेडात, केस कोरडे असताना. दर तीन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा. आरशात रोज बघून काही कळत नाही, नुसता जीव खालीवर होतो. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, कधी जास्तही. गोळी बंद केली की वर्षभरात मिळवलेलं जातं, हे आधीच मनाशी धरा.

रोज ठरलेल्या वेळी एक, जेवणाआधी की नंतर याला महत्त्व नाही. विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. पावसाळ्यात आमच्याकडे मीठसुद्धा पाझरतं, तेव्हा गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका.

काही जणांची कामेच्छा कमी होते, ताठरता येत नाही, वीर्य कमी होतं. थोड्यांना गोळी थांबवल्यावरही हा त्रास राहिल्याच्या नोंदी आहेत. छातीत गाठ किंवा दुखरेपणा आला तर डॉक्टर गाठा. मन उदास राहू लागलं, जीव नकोसा वाटला, तर गोळी तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. अशा वेळी घरच्यांना गोळी माहीत असलेली बरी, कारण बदल आधी त्यांनाच दिसतो.

पन्नाशीनंतर प्रोस्टेटसाठी रक्ताची पीएसए तपासणी करताना ही गोळी घेतो हे सांगाच. तिच्यामुळे आकडा साधारण निम्मा येतो आणि आजार झाकला जाऊ शकतो.

आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही. शेवटच्या गोळीनंतर किमान एक महिना रक्तदान करू नका. ते रक्त गरोदर बाईला चढू शकतं. यंदा गणपतीत वाडीच्या शिबिरात भावानं रक्त दिलं नाही, चहा वाटला. कुणी विचारलं की सरळ सांगत होता, केसांची गोळी चालू आहे.