गिअर जड पडतोय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

गिअर जड पडायला लागला की चौकातला प्रत्येक जण एकच सांगतो, गिअरबॉक्स गेला, उतरवून टाका. ही सगळ्यात महागडी चूक. बहुतेक वेळा दोष क्लचमध्ये, गिअरच्या केबलमध्ये नाहीतर ऑइलमध्ये निघतो, आणि तो कुठे आहे याचा अंदाज घरीच घेता येतो.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा. क्लच पूर्ण दाबून सगळे गिअर टाकून बघा. एखादा दातावर दात येऊन अडला तर क्लच सोडून पुन्हा दाबा. मग इंजिन चालू करून तेच करा. बंद इंजिनवर अलगद पडतात, चालू केल्यावर अडतात आणि रिव्हर्सला कर्रकर्र वाजतं, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. दोन्ही वेळा सारखेच जड असतील तर केबल, बुश आणि लिव्हर तपासा. चालत्या गाडीत एकाच गिअरला, बहुधा दुसऱ्याला, खरखर येत असेल आणि बाकीचे ठीक असतील तर त्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) झिजलेली असू शकते. गिअरबॉक्स उघडायचा विषय इथे येतो, त्याआधी नाही.

क्लचचा संशय आला तर आधी पायाखालचं मॅट उचला. धुळीसाठी एकावर एक टाकलेली जाड मॅटं पेडलला तळापर्यंत जाऊ देत नाहीत. मग क्लच-ब्रेकच्या ऑइलची टाकी बघा. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या क्लचच्या बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच टाकीतून ऑइल घेतात, त्यामुळे पातळी उतरली असेल तर गळती शोधल्याशिवाय गाडी पळवू नका. पेडल दोन-तीनदा मारल्यावरच गिअर पडत असेल तर लाइनमध्ये हवा शिरलीय किंवा क्लचचा सिलिंडर दाब धरत नाही.

आता गिअर ऑइलचं, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो, म्हणून गिअर ऑइल जाड टाकायचं, असं मानणारे खूप आहेत. पण गिअर बदलताना सिंक्रो रिंगला ऑइलचा थर बाजूला सारून गिअरच्या कोनवर (निमुळत्या भागावर) पकड घ्यावी लागते, तेव्हा कुठे दोन्हींचा वेग जुळतो. ऑइल जाड असलं की ही पकड उशिरा येते. त्याच परभणीत जानेवारीच्या सकाळी पारा कधी कधी एक आकडी होतो, आणि मग दुसरा गिअर हाताला घाम फोडतो. योग्य ऑइल असतानाही थंडीत पहिले काही किलोमीटर गिअर जरा जड राहतो. तेव्हा जोर लावू नका, ऑइल गरम होऊ द्या.

ग्रेडइतकंच, म्हणजे ऑइलच्या जाडीइतकंच, महत्त्व ते जीएल-४ की जीएल-५ या प्रकारचं आहे याला आहे. गाडीच्या पुस्तिकेत जीएल-४ लिहिलं असताना 'भारी आहे' म्हणून नुसतं जीएल-५ ओतलं तर त्यातल्या जास्तीच्या रसायनांनी सिंक्रोची पकड घसरू शकते, पितळी रिंगांनाही ते मानवत नाही. आणि एक गोष्ट मिस्त्रीजवळ उभं राहून बघाच: ऑइल सोडण्याआधी भरण्याचा नट उघडतो का? तो जाम निघाला आणि खालून ऑइल सोडून झालेलं असलं तर गाडी तिथेच अडकते.

केबलच्या टोकाला प्लास्टिकचा किंवा रबरी बुश असतो. तो झिजला की लिव्हर ढिला हलतो, गिअर नेमका कुठे पडला ते हाताला कळत नाही. हे काम स्वस्तातलं आहे. पण वॉशिंगनंतर तिथे डिझेल फवारून घेऊ नका. रबर फुगतं आणि काळ्या मातीची धूळ चिकटून बसते. वेग घेताना-सोडताना लिव्हर पुढे-मागे नाचत असेल तर इंजिनचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी माउंटिंग) तपासा.

सवयींपैकी दोनच. उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे अडकल्यावर हाफ क्लचवर रांगू नका, आणि लिव्हरवर हात टेकून बसू नका. तो भार आत सिलेक्टर फोर्कवर, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या काट्यावर जातो.

क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर त्याच वेळी प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. राहिलेल्या एका सीलसाठी उतरवण्याची मजुरी पुन्हा द्यावी लागते.